सिनेमा देशोदेशींचा, निवड कोणाची?

१९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवाने जपानकडे चित्रपट मागितला. पाठवण्याजोगी बरीच नावं जपानी चित्रपटसृष्टीतल्या जाणत्यांना सुचत होती, पण ‘राशोमोन’ त्यांत नव्हता. तो ज्या दाइएई कंपनीने काढला तिच्या प्रमुखालाच तो धड कळला नव्हता. इटालियन चित्रपटांच्या व्यवहारासाठी टोकियोत असलेल्या जुलियाना स्त्रामिजोली या बाईंनी मात्र हाच चित्रपट जावा म्हणून आग्रह धरला. कंपनीने नाखुशीनेच होकार दिला. ‘राशोमोन’ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं तेव्हा तो व्हेनिसला गेला आहे हे खुद्द अकिरा कुरोसावांनाही माहीत नव्हतं. जगाला जपानी सिनेमा सापडला तो या घटनेपासून, असं चित्रपटाच्या इतिहासात लिहिलं जातं. त्या शोधात जपानचा राष्ट्र म्हणून वाटा जवळजवळ शून्य होता. एका परक्या बाईची नजर आणि तिचा हट्ट, एवढ्यावर ते काम झालं.

देशोदेशींचे चित्रपट इथल्या माणसांना दाखवायचे म्हटलं की आपल्याकडे बोलणी होतात ती सभागृह, निधी, पाहुणे आणि उद्घाटनाचा चित्रपट यांची. चित्रपट निवडले कोणी, कोणाला डोळ्यांपुढे ठेवून निवडले, हे क्वचितच विचारलं जातं. गेल्या सत्तरेक वर्षांतल्या अशा प्रयत्नांकडे पाहिलं तर मला वाटतं, कोणता प्रयत्न रुजला आणि कोणता आला तसा गेला याचं बरंचसं उत्तर या एका प्रश्नात आहे.

सुरुवातीला निवड राष्ट्रांचीच होती, कारण महोत्सव ही राष्ट्रांचीच गोष्ट होती. व्हेनिसचा महोत्सव १९३२ मध्ये मुसोलिनीच्या इटलीत सुरू झाला. आपल्या ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये तिथे दाखवला गेला आणि त्याचं कौतुकही झालं, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढच्याच वर्षी तिथली मुख्य पारितोषिकं लेनी रीफेनश्टालच्या ‘ऑलिम्पिया’ला आणि मुसोलिनीच्या मुलाच्या देखरेखीखाली तयार झालेल्या एका वैमानिकपटाला मिळाली, हे फारसं सांगत नाही. त्या प्रकाराला उत्तर म्हणून फ्रान्सने कान महोत्सवाची आखणी केली. पण कानमध्येही १९७२ पर्यंत प्रत्येक देश आपापला चित्रपट ठरवून पाठवत असे. पाठवण्याचा हक्क होता तसा आक्षेप घेण्याचाही. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या हरकतीनंतर आलँ रेनेचा छळछावण्यांवरचा ‘नाइट अँड फॉग’ स्पर्धेतून काढावा लागला. त्याच वर्षी ‘पथेर पांचाली’ तिथे गेला. देशाचं दारिद्र्य परदेशात कशाला दाखवायचं, ही कुरबुर तेव्हा आपल्याकडच्या अधिकाऱ्यांत होती आणि ती कित्येक वर्षं टिकली. राज्यसभेच्या सदस्य असताना नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर हाच ठपका ठेवला होता. राष्ट्राला स्वतःचं चित्र निवडायला सांगितलं की ते लग्नाच्या मुलीचा फोटो निवडावा तसं निवडतं. १९७२ नंतर कानने निवड स्वतःच्या हाती घेतली आणि हळूहळू इतरांनीही.

भारतात ही गोष्ट सुरू झाली मुंबईत. २४ जानेवारी १९५२ रोजी भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि मग तो मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. २३ देश, चाळीसेक कथापट आणि शंभराच्या आसपास लघुपट. भारताकडून ‘आवारा’, तेलुगू ‘पाताल भैरवी’, बंगाली ‘बाबला’ यांच्याबरोबर शांताराम बापूंचा ‘अमर भूपाळी’ होता. हॉलिवूडमधून फ्रँक काप्रा आले होते. त्या गर्दीत गाजले ते मात्र इटालियन: रोसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’, डी सिकाचे ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘मिरॅकल इन मिलान’. तोवर इथल्या शहरी प्रेक्षकाला परदेशी चित्रपट म्हणजे अमेरिकन नाहीतर ब्रिटिश. त्याला पहिल्यांदाच दिसलं की स्टुडिओबाहेर, रस्त्यावर, नट नसलेल्या माणसांना घेऊनही चित्रपट होतो. बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ पुढच्याच वर्षी आला. त्याच्यावरचा या इटालियन चित्रपटांचा ठसा कोणी लपवला नाही आणि लपवण्याचं कारणही नव्हतं.

मात्र दुसरा महोत्सव व्हायला १९६१ उजाडलं आणि तिसरा झाला १९६५ मध्ये. मधल्या काळात भूक कोणी जागती ठेवली असेल तर ती फिल्म सोसायट्यांनी. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ ची. राय आणि चिदानंद दासगुप्ता तिच्या संस्थापकांपैकी. १९५९ मध्ये देशभरातल्या मोजक्या सोसायट्यांनी मिळून महासंघ काढला. अध्यक्ष सत्यजित राय, उपाध्यक्षांमध्ये पुढे इंदिरा गांधीही, आणि दासगुप्तांबरोबर चिटणीसपदी मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे, ज्यांनी आधी पाटण्यात आणि मग दिल्लीत ही चळवळ रुजवली. नव्या पिढीला त्या माहीत असतील तर ‘एक, अनेक और एकता’ या दूरदर्शनवरच्या अॅनिमेशनपटामुळे. मराठी माणसाच्या आठवणीत फिल्म सोसायटी म्हटली की येते ती मुंबईची प्रभात चित्र मंडळ, १९६८ सालची. सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवर्गीय मराठी माणसाला, म्हणजे कचेरीतून सुटून लोकलने घरी जाणाऱ्याला, बर्गमन आणि वायदा यांच्या चित्रपटांसाठी थांबवलं. नुसतं थांबवलं नाही तर त्याला वाचायलाही दिलं. ‘रूपवाणी’ हे मंडळाचं नियतकालिक, पुढे ‘वास्तव रूपवाणी’, मराठीत जगाच्या सिनेमाबद्दल गंभीरपणे लिहिण्याची सवय लावून गेलं. अशोक राणे यांच्यासारखे समीक्षक याच वातावरणात घडले.

या सोसायट्यांच्या लोकप्रियतेचं एक कारण संस्थांच्या स्मरणिकांत छापलेलं नसतं. महोत्सव आणि सोसायटी यांच्या खेळांना सेन्सॉरमधून सूट मिळत असे. सभासदांच्या रांगेतल्या कितीतरी जणांना गोदारपेक्षा न कापलेल्या रिळांत जास्त रस होता. दिल्लीत महोत्सव भरला की तिकिटाच्या खिडकीवर कोणत्या चित्रपटात ‘काय’ आहे याची चौकशी आधी होई, दिग्दर्शकाची नंतर. म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. माणूस कशासाठी आत शिरला यापेक्षा आत बसल्यावर त्याने काय पाहिलं हे महत्त्वाचं. पण ज्या सोसायट्यांचा डोलारा या एकाच आकर्षणावर उभा होता त्या व्हिडिओ कॅसेट घरोघरी आल्यावर दोन-चार वर्षांत गळाठल्या. ज्या बोलत होत्या, लिहीत होत्या, वाद घालत होत्या त्या टिकल्या.

महाराष्ट्राचं नशीब असं की १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात निघालं. प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आधीच, १९६० पासून, होती. संग्रहालयाला पी. के. नायर मिळाले आणि त्यांनी भारतीय चित्रपट जपले तसे जगभरातले चित्रपटही मिळवले. परदेशांतल्या संग्रहालयांशी देवाणघेवाण करून आणि इथे महोत्सवासाठी आलेल्या चित्रपटांवर डोळा ठेवून त्यांनी हा साठा जमवला. त्यांच्या काळात संग्रहालयाने केलेलं एक काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. अभिजात चित्रपटांच्या १६ मिलिमीटरच्या प्रती त्यांनी सोसायट्यांना फिरवण्यासाठी उपलब्ध करून दिल्या. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात, पडद्याऐवजी चुना लावलेल्या भिंतीवर, खडखडणाऱ्या प्रोजेक्टरातून आयझेनस्टाइन दिसला तो या योजनेमुळे. नायर आणि प्राध्यापक सतीश बहादूर यांनी सुरू केलेल्या रसास्वाद अभ्यासक्रमातून चित्रपट कसा पाहावा हे शिकलेली माणसं देशभर पसरली. मराठीतून रसास्वाद शिबिरं भरू लागली ती याच पुण्याईवर. पुण्यातल्या आशय फिल्म क्लबसारख्या संस्था या घडीचा फायदा घेत वाढल्या.

याच काळातलं, या सगळ्यापेक्षा धाडसी उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडचं आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यातलं हेग्गोडू हे सुपारीच्या बागांमधलं खेडं. तिथल्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने के. व्ही. सुब्बण्णांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये फिल्म सोसायटी काढली. प्रेक्षक कोण? बागायतदार, मजूर, शाळामास्तर, घरकाम आटोपून आलेल्या बायका. त्यांना ‘पथेर पांचाली’ दाखवला तसे डी सिका आणि कुरोसावाही दाखवले. सतीश बहादूर तिथे जाऊन रसास्वादाचे वर्ग घेऊन आले. सुब्बण्णांची भूमिका सरळ होती: शहरातल्या माणसाला जे उत्तम मिळतं ते खेड्यातल्या माणसाला न मिळण्याचं काही कारण नाही, फक्त ते त्याच्या भाषेतून त्याच्यापर्यंत पोचवलं पाहिजे. म्हणून चित्रपटांची ओळख कन्नडमधून करून दिली जाई आणि सिनेमावरचं लेखन कन्नडात आणलं जाई. ‘आमच्या लोकांना हे कळायचं नाही’ हे वाक्य मी महाराष्ट्रातल्या आयोजकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की हेग्गोडूची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

केरळची गोष्ट याच धाग्याची, फक्त राज्यभर पसरलेली. अडूर गोपालकृष्णन आणि कुळत्तूर भास्करन नायर यांनी १९६५ मध्ये तिरुवनंतपुरमला ‘चित्रलेखा’ सोसायटी काढली. तिच्या मागोमाग गावोगावी सोसायट्या निघाल्या. ऐंशीच्या दशकात जॉन अब्राहमच्या ‘ओडेसा’ गटाने प्रोजेक्टर घेऊन खेडी पालथी घातली, चॅप्लिन दाखवला आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून स्वतःचा ‘अम्मा अरियान’ उभा केला. त्यामुळे १९९६ मध्ये केरळचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा प्रेक्षक शोधावा लागला नाही; तो तीस वर्षं तयार होत होता. आज तिथे दहा हजारांहून जास्त प्रतिनिधी नोंदणी करतात आणि रिक्षावाला लॅटिन अमेरिकन चित्रपटाबद्दल मत देतो म्हणतात ते फारसं अतिशयोक्त नाही. कोरियाचा किम की-डुक २०१३ मध्ये तिथे आला तेव्हा त्याच्याभोवती नटाभोवती व्हावी तशी गर्दी झाली. किम की-डुकला मायदेशात कधी एवढा प्रेक्षक लाभला नाही. कोरियाने त्याला केरळला ‘पाठवला’ नव्हता. केरळच्या प्रेक्षकाने त्याला निवडला होता. २०१८ मध्ये त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले तेव्हा त्याच प्रेक्षकाला आपल्या आवडीचा फेरविचार करावा लागला, तोही त्याने आपापसांत वाद घालून केला.

आता वकिलातींकडे. आपल्याकडे एखाद्या देशाचा सिनेमा म्हणून जो सप्ताह भरतो, त्यामागे बहुतेक वेळा त्या देशाची वकिलात किंवा सांस्कृतिक केंद्र असतं. मॅक्सम्युलर भवन, आलियाँस फ्राँसेज, मुंबईत पेडर रोडवरचं रशियन केंद्र, युरोपीय संघाचा दरसालचा फिरता महोत्सव. चित्रपट फुकट मिळतात, हक्कांची भानगड नसते, कधी दिग्दर्शकही पाठवला जातो. लहान संस्थेला याहून सोयीचं काय असणार? पण देणाऱ्याची सोयही त्यात असते. संबंधांची पन्नाशी किंवा पंचाहत्तरी साजरी करायची असली की सप्ताह ठरतो. त्यात एक चरित्रपट, एक प्रसिद्ध कादंबरीवरचा, एक लहान मुलांचा, एक निसर्गरम्य आणि फार तर एक ‘पारितोषिकविजेता’. पाच दिवसांनी त्या देशात गिर्यारोहण करावंसं वाटतं, त्या देशातली माणसं कशावरून भांडतात ते कळत नाही.

याला मोठा अपवाद जर्मनांचा. १९६२ च्या ओबरहाउसेन जाहीरनाम्यानंतर तिथे जो नवा सिनेमा आला तो स्वतःच्या देशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणारा होता. फासबिंडर, हेर्झोग, वेंडर्स, मार्गारेटे फॉन त्रोटा. गोएथे इन्स्टिट्यूटने सत्तरच्या दशकात हेच चित्रपट जगभर फिरवले. मुंबई-पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनांतल्या अंधाऱ्या खोल्यांत एका पिढीने ते पाहिले. आपल्या देशावर इतकी कडक टीका करणारे चित्रपट सरकारी पैशाने परदेशात दाखवणाऱ्या देशाबद्दल प्रेक्षकाच्या मनात आदर वाढला, कमी झाला नाही. आपल्या सांस्कृतिक खात्यांनी यातून काही शिकावं अशी इच्छा व्यक्त करून पुढे जातो.

परदेशी केंद्रातल्या खुर्चीवरून किती दूरवर जाता येतं याचा उत्तम दाखला सोलचा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत दक्षिण कोरियात लष्करी राजवट, कडक सेन्सॉर आणि परदेशी चित्रपटांच्या आयातीवर बंधनं. चित्रपटवेडी तरुण मुलं सोलच्या फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात आणि गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसत, कारण पर्याय तेवढेच. कोरियात त्यांना ‘सांस्कृतिक केंद्रांची पिढी’ म्हणूनच ओळखतात. पण ती मुलं मिळेल ते पाहून घरी गेली नाहीत. त्यांनी आपले क्लब काढले, टिपणं वाटली, भाषांतरं केली. पुढच्या पिढीतल्या ‘यलो डोअर’ नावाच्या विद्यार्थी क्लबात बोंग जून-हो हा तरुण नकली कॅसेटींचा सांभाळ करत असे, त्यांची यादी ठेवत असे. १९९६ मध्ये बुसानचा महोत्सव सुरू झाला. स्थानिक चित्रपटांसाठी चित्रगृहांत सक्तीचे दिवस राखून ठेवणारा कायदाही कोरियाने वर्षानुवर्षं चालवला. २००६ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली ते दिवस १४६ वरून ७३ वर आले तेव्हा नटनट्या आणि दिग्दर्शक रस्त्यावर उतरले. बाहेरचं पाहणं आणि आपलं जपणं या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. या दोहोंत विरोध आहे असं आपल्याकडे अजूनही मानलं जातं.

आफ्रिकेत तर प्रश्नच उलटा होता. बुर्किना फासोतल्या वागाडुगूचा महोत्सव १९६९ मध्ये सुरू झाला तो आफ्रिकी प्रेक्षकाला आफ्रिकी चित्रपट दाखवण्यासाठी. वितरण परकीय कंपन्यांच्या मुठीत असल्याने सेनेगलच्या उस्मान सेंबेनचा चित्रपट शेजारच्या देशात दिसत नसे, तो पॅरिसला दिसे. १९७० मध्ये त्या गरीब देशाने चित्रगृहंच सरकारी ताब्यात घेतली. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा खेळ मिळवताना जे पापड बेलावे लागतात ते माहीत असलेल्यांना यातलं दुःख समजावून सांगायला नको.

राष्ट्रीय सिनेमा या कल्पनेचीच शिवण कशी उसवते ते इराणमध्ये दिसतं. क्रांतीनंतर, १९८३ मध्ये, सरकारने फाराबी प्रतिष्ठान काढलं आणि तिथून चित्रपट बाहेर पाठवायला सुरुवात केली. किआरोस्तामी आणि माजिद मजिदी जगभर पोचले ते अंशतः या सरकारी वाटेने. मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ महाराष्ट्रातल्या शाळा, शिबिरं आणि क्लब यांत जितका दाखवला गेला तितका दुसरा कुठला परदेशी चित्रपट क्वचितच दाखवला गेला असेल. हरवलेल्या बुटांची गोष्ट समजायला कुणाला तळटीप लागत नाही. मजिदींनी पुढे मुंबईत ‘बियाँड द क्लाउड्स’ केला आणि इफ्फीचं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, २०१७ मधलं उद्घाटन त्यानेच झालं. पण याच देशाने जाफर पनाहींवर २०१० मध्ये वीस वर्षांची चित्रपटबंदी घातली. ते चोरून चित्रपट करत राहिले. २०२५ मध्ये त्यांच्या चित्रपटाला कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि ऑस्करसाठी तो फ्रान्सने पाठवला. त्याच्या आदल्या वर्षी देश सोडून पळालेल्या मोहम्मद रसूलोफचा फारसी चित्रपट जर्मनीतर्फे गेला होता. इराणी सिनेमाचा सप्ताह भरवायचा असेल तर हे दोन चित्रपट कोणाकडे मागायचे? तेहरानच्या प्रतिनिधीकडे नक्कीच नाही. आणि ते वगळून भरवलेल्या सप्ताहाला इराणी सिनेमा कसं म्हणायचं? वकिलातीच्या भरवशावर बसणाऱ्या आयोजकाची इथे पंचाईत होते. स्वतः निवड करणाऱ्याची होत नाही.

आज आपल्याकडे महोत्सवांची वाण नाही. इफ्फी २००४ पासून गोव्यात स्थिरावला. पणजीत जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात चित्रगृहं उभी राहिली, कला अकादमीशी ती जोडली गेली, आणि नोव्हेंबरात सिंधुदुर्ग-कोल्हापूरपासून पुण्यापर्यंतची मंडळी तिथे रांगा लावू लागली. पुण्याचा ‘पिफ’ २००२ पासून, जब्बार पटेल यांच्या नेतृत्वाखाली आणि राज्य सरकारच्या पाठबळावर. मुंबईत १९९७ पासून ‘मामी’. आशियाई चित्रपटांना वाहिलेला ‘थर्ड आय’ हा नांदगावकर आणि किरण शांताराम यांच्या प्रयत्नांतून आलेला, मला विशेष प्रिय. हॉलिवूड आणि युरोप यांच्या पलीकडे शेजाऱ्यांकडे, श्रीलंका, बांगलादेश, फिलिपिन्सकडे, पाहायची सवय त्याने लावली. कोल्हापुरात ‘किफ’, मराठवाड्यात अजिंठा-वेरूळ महोत्सव. पण या घरांचे पाये सारखे पक्के नाहीत. ‘मामी’ची २०२५ ची आवृत्ती झालीच नाही. पुण्याचं संग्रहालय, फिल्म्स डिव्हिजन आणि महोत्सव संचालनालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आणि जपणूक, निर्मिती आणि प्रदर्शन असे तीन वेगळ्या स्वभावाचे संसार एका चुलीवर आले.

या महोत्सवांत एखाद्या देशावर झोत टाकण्याची प्रथा आहे. २०२४ च्या इफ्फीत ऑस्ट्रेलिया, २०२५ मध्ये जपान. कल्पना चांगली, अंमल मात्र गर्दीत हरवतो. दीडशे-दोनशे परदेशी चित्रपटांच्या वेळापत्रकात त्या देशाचे सात-आठ चित्रपट वेगवेगळ्या पडद्यांवर, वेगवेगळ्या वेळांना टाकलेले असतात. त्यांतले चार सलग पाहणारा प्रतिनिधी शोधून सापडायचा नाही, कारण त्याच वेळी शेजारी कानमधला गाजलेला चित्रपट लागलेला असतो. चित्रपटाआधी एक अधिकारी फुलांचा गुच्छ स्वीकारतो, पण हा दिग्दर्शक कोणाचा शिष्य, त्या देशात या चित्रपटावर काय वाद झाला, याबद्दल दोन मिनिटं बोलणारं कोणी नसतं. जो देश पाहिला असं वाटतं तो खरं तर पुस्तिकेत पाहिलेला असतो.

त्याहून मोठी अडचण पडद्याच्या तळाशी आहे. आपल्याकडे येणारा पोलिश, फारसी किंवा कोरियन चित्रपट इंग्रजी उपशीर्षकं घेऊन येतो. म्हणजे प्रेक्षकाला चित्रपट पाहण्याआधी वेगाने इंग्रजी वाचण्याच्या परीक्षेत बसावं लागतं. कोल्हापूर, नांदेड किंवा सावंतवाडीत भरवलेल्या खेळाला पहिल्या अर्ध्या तासात उठून जाणारे बघितले की आयोजक त्यांच्या अभिरुचीला बोल लावतात. केरळने हा प्रश्न सोडवला तो सरकारी योजनेची वाट न पाहता. २०१२ पासून ‘एम्सोन’ नावाचा स्वयंसेवकांचा गट जगातल्या चित्रपटांची मल्याळी उपशीर्षकं करतो आहे. त्यांची संख्या केव्हाच हजारांवर गेली. भाषांतर करणारे बँकेत, शाळेत, आखाती देशांत नोकऱ्या करणारे. मराठीत अनुवादकांची उज्ज्वल परंपरा आहे, जर्मन, जपानी, फ्रेंच, रशियन शिकलेली माणसं एकट्या पुण्यात किती तरी आहेत, परदेशांतल्या मराठी मंडळांतही आहेत. तरी या कामाला त्या प्रमाणावर हात लागलेला नाही. जपानी चित्रपटाची मराठी उपशीर्षकं जपानीवरून झाली तर इंग्रजीत गळून पडणारा मान-अपमान, नात्यांतली अंतरं मराठीत सहज उतरतील. आपल्याकडे त्यासाठी ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहेतच.

आता घरबसल्या सगळं मिळतं, मग या उठाठेवी कशाला, असं विचारणारे भेटतात. खरं आहे, ‘पॅरासाइट’ २०२० च्या जानेवारीत इथल्या चित्रगृहांत लागला, मूबीवर तुर्की चित्रपट दिसतात, कोरियन मालिका हिंदी बोलतात. पण ओटीटीवर निवड करतो तो प्रेक्षकाच्या मागच्या सवयी मोजणारा हिशोब. काल पाहिलं त्यासारखंच आज पुढे येतं. माळ्यावरच्या पेटीतून अनपेक्षित काही काढून ‘हे बघ’ म्हणणारा कोणी तिथे नाही. शिवाय ज्या देशांचे चित्रपट बाजारात खपत नाहीत, मंगोलिया, बोलिव्हिया, चाड, त्यांना तिथे जागा नसल्यासारखीच.

या पाहण्यातून काय निघतं याची मोजदाद करता येत नाही, पण खुणा दिसतात. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या उमेश कुलकर्णीचा ‘वळू’, अविनाश अरुणचा बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळवणारा ‘किल्ला’, चैतन्य ताम्हाणेचा व्हेनिसमध्ये गौरवलेला ‘कोर्ट’, २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’. यांतल्या कोणाची कथा परदेशी नाही. माणसाकडे किती वेळ आणि किती शांतपणे पाहत राहायचं, हे धैर्य मात्र केवळ इथल्या चित्रपटांवर वाढून आलेलं नाही. अरुण खोपकरांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे सिनेमाबद्दलचं मराठी गद्यही या पाहण्यातून श्रीमंत झालं.

म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी काही करू पाहणाऱ्यांना एक सुचवणं आहे. पन्नास देशांचे पन्नास चित्रपट आणून आंतरराष्ट्रीय हा शब्द फलकावर लावू नका. एका वर्षी एकच देश घ्या, महिन्याला एक असे दहा चित्रपट. निवड वकिलातीवर सोडू नका. तो सिनेमा ज्याने पाहिला आहे अशा एका माणसाला अधिकार द्या आणि त्याचं नाव पत्रिकेवर छापा, म्हणजे शिव्या आणि शाबासकी योग्य पत्त्यावर जाईल. वकिलातीकडे चित्रपट जरूर मागा, पण यादी आपली द्या. नकार आला तर तोही सभासदांना कळवा. प्रत्येक चित्रपटाचं दोन पानी मराठी टिपण आठवडाभर आधी लोकांच्या हाती पडू दे. दहांपैकी निदान दोन चित्रपटांना मराठी उपशीर्षकं करा. भाषा शिकवणाऱ्या विभागातले विद्यार्थी हे काम प्रकल्प म्हणून करतील. राज्य सरकार महोत्सवांना मदत देतंच; त्या मदतीचा एक हिस्सा उपशीर्षकांसाठी राखून ठेवा, ही मागणी पुढच्या महोत्सवाच्या आधी सांस्कृतिक कार्य खात्याकडे लेखी द्यावी.